लिलावातली पांढरी गाडी

६ जानेवारी २०२६

गाडी पाहून आले! पांढरी आहे, लांबुडकी आहे, मागं ऐसपैस आहे. मला आवडली. म्हणजे आता सुदर्शनला आवडावीच लागेल.

(नवऱ्याचं नाव फक्त इथं लिहिते. तोंडानं 'अहो'च. वहीत कोण ऐकतंय!)

चिकलठाण्यात कारखान्यांच्या मागं पत्र्याचं मोठं आवार आहे. कुठलीशी सेवा संस्था बंद पडली, तिचं सगळं सामान लिलावाला काढलंय. टेबलं, कपाटं, एक जनरेटर, तीन गाड्या. बंद संस्थेचं विकायला जो सरकारी माणूस नेमतात त्याला अवसायक म्हणतात म्हणे. तिथला रखवालदार एकच वाक्य पाठ करून बसलेला – "जशी आहे तशी, जिथं आहे तिथून. मागून तक्रार चालायची नाय."

कशाला करू तक्रार? चाकं बरी आहेत, इंजिन एका दमात चालू झालं. आत तर माझ्या डब्यांसाठीच बनवल्यासारखी सोय! खाली तळाला मागच्या दारापासून थेट पुढंपर्यंत दोन लोखंडी पट्ट्या, रुळासारख्या. डब्यांचा क्रेट त्यावर ठेवायचा न् ढकलायचा – सुर्रकन आत! डाव्या बाजूला एक अरुंद बाकडं. वर धरायला दांडी, मधोमध जरा वाकलेली. टपावर भोंगा.

"भोंगा कशाला असेल हो?"

"निवडणुकीला देत असतील भाड्यानं," सुदर्शन म्हणाला. गाड्यांतलं त्याला लई कळतं.

गाडी पाहिजेच आहे. मुकुंदवाडीत घरातून डबे करते त्याला सहा वर्षं झाली, आणि अजून सुदर्शन कामावर जाताना मोटरसायकलच्या दोन्ही बाजूंना पिशव्या लटकवून नेतो. आता चिकलठाण्याच्या एका कंपनीत दुपारच्या जेवणाचं काम मिळतंय, २३ फेब्रुवारीपासून. चव पसंत पडली. अट एकच – गाडी स्वतःची हवी, चारी बाजूंनी बंद हवी. ती नसेल तर काम दुसऱ्याला.


८ जानेवारी

मिळाली! मिळाली! मिळाली!

लिलाव म्हणजे हातोडा, आरडाओरडा असं काही असेल असं वाटलं होतं. कसलं काय! सगळं मोबाइलवर. सुदर्शन आकडा टाकणार, मी मागून त्याच्या खांद्यावर चापट्या मारणार – "टाका हो, टाका!" आत्याबाई (सासूबाई – लग्नापासून आत्याबाईच म्हणते) जात्याजवळून ओरडल्या, "कामून भांडायलात त्या मोबाइलशी?"

गंमत म्हणजे बोली लावणारे सगळे पहिल्या पाच मिनिटांतच गप्प झाले. एकटा कोणीतरी थोडा वेळ टिकला, मग तोही गेला.

"लोकांना गाड्यांतलं कळतच नाही," सुदर्शन म्हणाला.


१२ जानेवारी

काय लिहू? हसू का रडू? दोन्ही करून झालंय, आता लिहिते.

पैसे भरून झाले होते. आज गाडीचा ताबा मिळाला, सोबत कागदांची फाइल. सुदर्शन चालवतोय, मी शेजारी राणीसारखी. जालना रोडला लागलो. डॅशबोर्डवर एक लाल बटण होतं. मला कुठं राहवतं! दाबलं.

टपावरच्या भोंग्यातून टाळ-मृदंग. आणि मग रामनामाची ती धून. तीच. ऐकली की आपण रस्त्याच्या कडेला होतो ती.

समोरची रिक्षा बाजूला झाली. स्कूटरवरच्या एका काकांनी छातीला हात लावला. उसाच्या गाड्यावरच्या माणसानं चरक थांबवला आणि डोळे मिटून हात जोडले. सुदर्शन ओरडतोय, "बंद कर! अगं बंद कर!" बटण अडकलेलं. दोन सिग्नल तसेच गेलो. या रस्त्यावर आजवर मला कुणी एवढी वाट दिली नव्हती!

शेवटी गाडी कडेला घेतली, त्यानं वायरच उपटली. मग फाइल उघडली. नोंदणीच्या कागदावर गाडीचा वर्ग – शववाहिका.

खालचे रूळ. बाजूचं बाकडं. भोंगा. बोली लावणारे गप्प का झाले तेही कळलं. मी सुदर्शनकडं पाहिलं. तो रुळांकडं पाहत होता. मला आधी रडू आलं – लोकांना जेवण नेणार मी, आणि कशातून? मग एकाएकी हसू फुटलं ते थांबेचना. तो घाबरला बिचारा, पाणी पाजायला म्हणून इकडं तिकडं बघायला लागला.

परत द्यायची सोय नाही. दुसरी घ्यायची ऐपत नाही. म्हणून ठरलं: कुणाला सांगायचं नाही. गल्लीला नाही, कंपनीला नाही आणि आत्याबाईंना तर मुळीच नाही. गल्लीत कुणी गेलं तर त्या अर्धा दिवस घरभर गोमूत्र शिंपडत फिरतात. एकदा सुदर्शन एका मयतीला जाऊन आला, तर त्याच्या चपला त्यांनी नाल्यात फेकून दिल्या. नव्या होत्या!


१३ जानेवारी

भोगी. सकाळीच भोंगा उतरवला. आता नुसती गाडी दिसते.

आत्याबाई म्हणाल्या, "उद्या संक्रांत, परवा कर. दोन्ही दिस नकोत. आजच पूजा उरका." चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, कुंकवाचं स्वस्तिक त्यांनी स्वतः काढलं. देवा, ह्यांना काही कळू देऊ नको.

मग त्यांनी मागचं दार उघडायला लावलं. वर चढल्या. बाकड्यावर बसल्या, दांडीला धरलं. बराच वेळ बसून राहिल्या.

"आत्याबाई, तुम्ही पुढं बसत जा, मऊ सीट आहे."

"नको. हितंच बरंय मला. म्या हितंच बसत जाईन."

डोळे पुसत होत्या. मामंजींची आठवण झाली असणार. मलाही झालीच. माझे पहिले डबे फकिरा मामंजींनीच पोचवले, सायकलवरून, पायजमा मोज्यात खोचून. "प्रेरणा, तुझी एक गाडी व्हायला पाहिजे," म्हणायचे. चार वर्षं झाली त्यांना जाऊन. मी तेव्हा सिल्लोडला माहेरी, बाळंतीण. संस्कृती बारा दिवसांची. मला कुणी येऊ दिलं नाही. शेवटचं तोंडसुद्धा पाहिलं नाही मी त्यांचं. ते अजून सलतं.

असते तर आज काय म्हणाले असते! बहुतेक हसले असते.


१८ जानेवारी

आजचा दिवस जन्मात विसरणार नाही.

शेजारच्या सुलेखाकाकूंच्या लेकीकडं हळदीकुंकू, चिकलठाण्यात. काकूंनी सगळ्या गल्लीला परस्पर सांगून टाकलं – "प्रेरणाच्या नव्या गाडीतून जायचं!" मी काय म्हणणार? डोकं दुखतंय म्हटलं तर म्हणाल्या, "गाडी तुझा नवरा चालवतो, डोकं नाही."

मग काय! जरीच्या साड्या नेसून, गजरे माळून, हातात वाणाची ताटं घेऊन गल्लीतल्या सगळ्या सवाष्णी शववाहिकेत चढल्या. रुळांवर सतरंजी टाकली होती. आत्याबाई आपल्या बाकड्यावर – "मी नुसती फिरायला येते."

"किती गार आहे गं गाडी!" काकू म्हणाल्या. "पाय पसरून झोपून जाता येईल."

मी खिडकीबाहेर पाहिलं. सुदर्शनला ठसका लागला.

परतताना नाक्यावर एक गंमत. आमच्या घराकडं डावीकडं वळायचं असतं. आत्याबाई मागून म्हणाल्या, "सरळ घे की रं."

"आई, सरळ काय आहे तिकडं?"

खरंच काही नाही. स्मशान आणि पुढं रेल्वेचे रूळ, रस्ताच संपतो. गाडीला जुना रस्ता आठवतोय की काय, असं माझ्या मनात आलं आणि अंगावर काटा आला! आत्याबाईंना मात्र फिरायची हौस. एवढ्या वर्षांत कुठं बसायला मिळालंय त्यांना गाडीत.


२० जानेवारी

सांडूभाऊ येऊन गेला. आरटीओची कामं करतो. मूळचा सिल्लोडचा, म्हणून मला ताई म्हणतो आणि माहेरचा माणूस म्हणून दोनदा चहा पितो.

फाइल उघडली, वर्ग वाचला, चहा खाली ठेवला. "ताई! कशाची गाडी घेतली ठाव हाय का?"

"हळू! आत्याबाई आत आहेत."

मग त्यानं समजावलं. साधी जुनी गाडी घेतली तर जुन्या मालकाच्या सह्या लागतात. लिलावातल्या गाडीला सही करणारा मालकच नसतो. त्याच्या सहीच्या जागी लिलावाचा हुकूम, अवसायकानं दिलेला विक्रीचा दाखला आणि फॉर्म बत्तीस. तोही महिन्याच्या आत. वर विमा, धुराचं प्रमाणपत्र, चॅसीसचा छाप.

"आणि ते… वर्गाचं?"

"कामं दोन हाईत. आधी गाडी हाय तशी तुमच्या नावावर व्हनार. मग वर्ग बदलायचा अर्ज. थेट उडी नाय मारता येत."

म्हणजे मधले काही दिवस मी, प्रेरणा सुदर्शन गाढे, सरकारदरबारी शववाहिकेची मालकीण!

छाप घेणं मोठं छान असतं. पुढचं झाकण उघडून सांडूभाऊ आत वाकला, चॅसीसवर कोरलेला नंबर फडक्यानं पुसला, त्यावर पेन्सिलीचं शिसं घासलं, वरून चिकटपट्टी दाबली आणि हळूच उचलली. नंबर पट्टीवर उमटून आला. संस्कृतीला तोच खेळ हवा झाला. तिनं माझ्या पोळपाटाचा छाप घेतला.

घासता घासता एका ठिकाणी पांढरा रंग निघाला, खाली निळा दिसला. आत्याबाई कधी येऊन उभ्या राहिल्या कळलंच नाही.

"निळीच बरी व्हती," म्हणाल्या.

पांढरा लवकर मळतो म्हणून म्हणाल्या असतील.


२४ जानेवारी

आज काहीच झालं नाही. भाकरी छान फुगल्या.


२९ जानेवारी

कंपनीत जाऊन आले. कँटीनचं सगळं श्रीधर साहेब बघतात – शांत माणूस, कपाळाला आठ्या, पण पिठलं खाल्लं की आठ्या जातात. चार दिवसांचा मेनू ठरला. मी खूश. निघताना म्हणाले, "गेटपाससाठी गाडीच्या आरसीची एक झेरॉक्स आणून द्या. सिक्युरिटीवाले लावून ठेवतात भिंतीवर."

भिंतीवर!

सगळ्या कंपनीनं वाचावं – जेवण घेऊन येणारी गाडी, वर्ग शववाहिका. मला उचकीच लागली. त्यांनी पाणी दिलं.

म्हणजे तेवीस तारखेच्या आत वर्ग बदललाच पाहिजे. नाहीतर काम गेलं. सांडूभाऊला फोन केला. म्हणाला, "ताई, देवाचं नाव घ्या." म्हटलं, देवाचं नाव घेऊनच तर या गाडीनं सगळा घोळ केलाय!


३ फेब्रुवारी

गाडी माझ्या नावावर झाली.

कार्ड मागून पोस्टानं येईल, पण सांडूभाऊनं छापलेला कागद आणून दिला. मालकाच्या रकान्यात माझं नाव. मी तीनदा वाचलं. मग संस्कृतीला वाचून दाखवलं, तिला अजून अक्षरं येत नाहीत तरी.

शेत सासरच्यांच्या नावावर. घर सुदर्शनच्या. लाइटचं बिल तर अजून मामंजींच्या नावानं येतं. माझ्या नावावर आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी आलं, आणि ते चारचाकी! शववाहिका का असेना. मला फार बरं वाटलं. खरंच फार बरं वाटलं.

सुदर्शननं पेढे आणले. आत्याबाईंनी पहिला पेढा गाडीत नेऊन बाकड्यावर ठेवला, मग घरात वाटले. आता गाडीला नैवेद्य दाखवायचा बाकी होता तोही झाला!


६ फेब्रुवारी

दुसरं काम सुरू. सांडूभाऊ म्हणतो, माल नेणारी बंद गाडी म्हणून पास करायची तर तळाचे रूळ कापा, बाकडं काढा. मागं बसायची सोय दिसली की इन्स्पेक्टर परत पाठवणार.

रुळांचं मला वाईट वाटलं. क्रेट किती छान सरकायचे.


८ फेब्रुवारी

भांडण. माझंच तोंड.

सत्यम वेल्डर आला. रूळ कापले. मग पाना घेऊन बाकड्याकडं वळला तर आत्याबाई आत चढून बाकड्यावर बसलेल्या. दांडी घट्ट धरलेली.

"हे नाय काढायचं."

"आत्याबाई, काढावं लागतं. पासिंग होणार नाही."

"नाय व्हऊ दे."

"अहो, पण का?"

"मला बसाया लागतं."

"पुढं बसा ना! तिघं मावतो आपण!"

"नाय."

सुदर्शननं समजावलं, सांडूभाऊनं फोनवरून समजावलं. हलेनात. सत्यम बिडी ओढून आला, परत ओढून आला. माझ्या डोळ्यांसमोर तेवीस तारीख, श्रीधर साहेबांची भिंत. आणि मी म्हणून गेले – "आत्याबाई, गाडी माझ्या नावावर आहे!"

त्या उठल्या. उतरल्या आणि घरात गेल्या. सत्यमनं बाकडं काढलं. चार बोल्ट. दोन मिनिटांचं काम.


९ फेब्रुवारी

त्या धड जेवल्या नाहीत. मी वाढलं, त्यांनी घेतलं, पण माझ्याकडं पाहिलं नाही. वाईट वाटतंय. पण मी तरी काय करू, इन्स्पेक्टर काय माझा मामा आहे?

एका बाकड्यासाठी एवढं?


१० फेब्रुवारी

करोडीला आरटीओच्या मैदानावर पासिंग. ऊन, धूळ आणि गाड्यांची रांग. इन्स्पेक्टर साहेब तरुणच होते. गाडीभोवती फिरले, मागं वाकून पाहिलं, कापलेल्या रुळांच्या खुणांवर बोट फिरवलं.

"आधी काय होती ही?"

"कागदावर हाय साहेब," सांडूभाऊ आभाळाकडं बघत.

साहेबांनी वाचलं. माझ्याकडं पाहिलं. "आणि आता तुम्ही काय नेणार?"

"जेवण."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग वळून शिपायाला म्हणाले, "शववाहिका असो की जेवण, माणसं वाटच बघत असतात म्हणा." आणि सही केली.

पास! तिथंच सांडूभाऊला तिळाचा लाडू खायला दिला.


१२ फेब्रुवारी

काढलेलं बाकडं अंगणात पडलंय. आत्याबाई त्यावरच बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होत्या. मधूनच डावा हात वर करतात, हवेत काहीतरी धरायला बघतात, मग खाली घेतात. किती लवकर सवय लागते माणसाला!

बघवलं नाही मला. कोणी एवढं प्रेम करतं का गाडीवर? पण मीच म्हणते ना, मला माझं नाव तीनदा वाचावंसं वाटलं. त्यांना एक जागा आवडली, एवढंच.


१५ फेब्रुवारी

महाशिवरात्र. मीच सुदर्शनला म्हटलं, "लावा हो ते बाकडं परत."

"पासिंग?"

"झालं ना पासिंग! क्रेटांना जागा उरतेच. चार बोल्टांचा तर प्रश्न आहे."

सांडूभाऊला विचारलं. तो म्हणाला, "समदेच लावतेत. फकस्त म्या सांगितलं म्हनू नका."

सुदर्शननं बाकडं बसवलं. आत्याबाई जाऊन बसल्या, दांडी धरली, उतरल्या. दुपारी भगर आणि शेंगदाण्याची आमटी त्यांनी स्वतः केली आणि पहिलं ताट मला वाढलं. वर तूप. एरवी उपासाला तूप मोजून देतात.

मिटलं. आमच्याकडं माफी अशीच मागतात, दोन्ही बाजूंनी.


२० फेब्रुवारी

झालं! वर्ग बदलला! मालवाहू, बंद. माझ्याच नावावर.

श्रीधर साहेबांना झेरॉक्स देऊन आले. सिक्युरिटीवाल्यानं माझ्यासमोर भिंतीवर चिकटवली. मी जवळ जाऊन पाहिलं, नाव वाचलं. छान दिसतं.

आत्याबाईंना कळलं नाही, गल्लीला कळलं नाही, कंपनीला कळलं नाही. सुदर्शन म्हणतो, "आपण दोघं लई पोचलेले." मी म्हटलं, तुम्ही नाही, मी.


२३ फेब्रुवारी

पहिला दिवस!

पहाटेपासून चुलीला दम नाही. वांग्याची भाजी, वरण, भात, पोळ्या, ठेचा. आत्याबाई हटून बसल्या – "वरणाचं झाकण कोण धरील?" बाकड्यावर बसून एका हातानं दांडी आणि दुसऱ्यानं वरणाचं पातेलं. एक थेंब सांडला नाही.

कंपनीतली माणसं रांगेत उभी राहून जेवली. कोणीतरी परत भाजी मागायला आलं. श्रीधर साहेबांच्या आठ्या गेल्या त्या आल्याच नाहीत. रिकामी भांडी खडखडत परतलो. खडखडाट एवढा गोड असतो हे मला माहीत नव्हतं.

नाक्यावर मागून आवाज – "सरळ घे की."

"आई, रोजचंच काय सरळ!" सुदर्शन हसला आणि घराकडं वळला.

आज मी सुखी आहे. लिहून ठेवते, म्हणजे पुढं कधी विसरले तर.


२४ फेब्रुवारी

आज नाक्यावर गाडी वळायला लागली तशी आत्याबाईंनी पातेल्यावर हात आपटला. "थांब."

थांबलो.

"ह्याच गाडीतनं नेलं तुझ्या बापाला. तव्हा निळी व्हती. तू पुढं बसलेला, मडकं घेऊन. तुला काय दिसनार! मी हितं व्हते, ह्या बाकड्यावर, ही वाकडी दांडी धरून. अन् ह्या नाक्यावर मला उतरवलं. बायांनी म्होरं येऊ नाय म्हणं. गाडी गेली. मी हितंच उभी."

"तुम्हाला माहीत होतं?" मी म्हटलं.

"पैल्याच दिशी. दांडी धरली अन् कळलं. तुमी दोघं लपवायलात, म्हणून म्या बी नाय बोलले."

मी पुढून उतरले. मागं जाऊन त्यांच्या शेजारी बसले. अरुंद बाकडं, पण मावलो दोघी. दांडीवर त्यांच्या हाताशेजारी हात ठेवला.

सुदर्शननं गाडी सरळ घेतली.